पाण्याखालचा कॅमेरा घेताना: आधी पाणी मोजा, मग कॅमेरा निवडा



आजचा धडा पाण्याखाली फोटो काढायच्या छोट्या कॅमेऱ्याचा. कोकणात मालवण, तारकर्ली, देवबाग भागात मच्छीमार कुटुंबांच्या होड्या पर्यटकांना स्नॉर्कलिंगला घेऊन जातात. मास्क आणि श्वासनळी लावून, पाण्यावर पालथं तरंगत खालचं जग बघायचं, ते स्नॉर्कलिंग. पर्यटकाला आठवण म्हणून फोटो हवा असतो, त्यामुळे होडीवर कॅमेरा ठेवणं हा धंद्याचाच भाग झालाय. इकडे लांजी, आमगाव, गोंदिया पट्ट्यात आपली ढीवर-केवट मंडळी तलाव ठेक्याने घेऊन मासळी पिकवतात. मोबाईलवर समुद्राखालचे सुंदर व्हिडिओ बघून इकडच्या पोरांनाही वाटतं की असा एक कॅमेरा आपणही घ्यावा.

कॅमेरा स्वस्त नाही. चुकीचा घेतला किंवा पहिल्याच महिन्यात आत पाणी गेलं, तर हंगामाच्या कमाईतला मोठा घास गेला. म्हणून खरेदीआधी काय बघायचं ते आम्ही इथे क्रमाने मांडतोय. सगळ्या धड्याचं सार एका ओळीत: तुमचं पाणी किती नितळ आहे यावर कॅमेरा ठरतो, जाहिरातीतल्या मेगापिक्सेलवर नाही.

१) पहिलं काम: पाणी मोजा

मत्स्यशेतीचं प्रशिक्षण घेतलेल्यांना सेक्की तबकडी माहीत असेल. आंजेलो सेक्की नावाच्या इटालियन शास्त्रज्ञाने १८६५ साली पांढरी तबकडी समुद्रात सोडून पाण्याची पारदर्शकता मोजली. तीच पद्धत आज आपण तलावात वापरतो. २० सेंटीमीटर रुंदीची गोल तबकडी, चार भाग पाडून आलटून पालटून काळे-पांढरे रंगवलेले, खाली वजन आणि वर खुणा केलेली दोरी. घरी करायची तर जुनी स्टीलची ताटली आणि ऑइल पेंट पुरतो.

दुपारच्या सुमारास, होडीच्या सावलीच्या बाजूने तबकडी हळूहळू सोडा. दिसेनाशी झाली की दोरीवरची खूण बघा. मग वर ओढा आणि पुन्हा दिसली की दुसरी खूण बघा. दोन्हींची सरासरी म्हणजे तुमच्या पाण्याची पारदर्शकता.

आता फोटोचा हिशेब. पाण्याखाली फोटो काढणारे एक ढोबळ नियम पाळतात: जितकं लांबचं दिसतं, त्याच्या पाचव्या हिश्श्याच्या आत जाऊन फोटो काढायचा. पाच मीटर दिसत असेल तर एका मीटरच्या आत. दोन मीटर दिसत असेल तर जेमतेम हातभर अंतरावरून. त्यापेक्षा लांबून काढलं की फोटो धुक्यात काढल्यासारखा येतो, मग कॅमेरा कितीही भारी असो.

कारण साधं आहे. पाण्यात गाळाचे बारीक कण असतात, हिरवं शेवाळ असतं, आणि पाणी स्वतःच उजेड गिळतं. तुमच्यात आणि माशात जितकं कमी पाणी, तितका फोटो स्वच्छ. जवळ जाणं हाच सगळ्यात मोठा उपाय, आणि तो फुकट आहे.

२) दोन पाणी, दोन उत्तरं

मालवणचं पाणी. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आजूबाजूला खडक आहेत, त्यांवर प्रवाळ आहे, माशांचे थवे आहेत. हा भाग मालवण सागरी अभयारण्यात येतो, जे १९८७ साली जाहीर झालं. पावसाळा सरून गाळ बसला की हिवाळ्यात इथे काही मीटरपर्यंत दिसतं. पण पाणी रोज बदलतं. ओहोटीला खाडीचं गढूळ पाणी बाहेर येतं, भरतीला समुद्राचं स्वच्छ पाणी आत येतं. दुपारनंतर वारा सुटला की लाटांनी तळ ढवळतो. म्हणून भरतीची वेळ बघून, सकाळी नऊ ते बाराच्या दरम्यान काढलेले फोटो बरे येतात. सूर्य तेव्हा वर आलेला असतो आणि उजेड खोल जातो. तिथल्या होडीवाल्याला हे सांगायची गरज नाही. त्याला पाणी कळतं, कॅमेरा तेवढा शिकायचाय.

लांजीकडचं पाणी. आपल्या तलावात रोहू, कतला, मृगळ वाढवायचं तर पाण्यात प्लवंग हवेत. कार्प माशांच्या तळ्यात तबकडी २५ ते ४० सेंटीमीटरवर दिसेनाशी झाली, तर ते पाणी माशांना चांगलं मानतात. म्हणजे वीत-दीड वीत. जे पाणी माशाला पौष्टिक, ते कॅमेऱ्याला आंधळं! पाचव्या हिश्श्याच्या नियमाने इथे फोटो काढायचा तर पाच-आठ सेंटीमीटरवरून. पोहणाऱ्या माणसाचा किंवा पोहत्या कतल्याचा फोटो अशा पाण्यात निघणार नाही. आम्ही स्पष्टच सांगतो: केवळ तलावात फोटो काढण्यासाठी महाग कॅमेरा घेऊ नका.

तलावाच्या कामाला दुसरा उपाय आहे. माशाच्या अंगावर लाल व्रण दिसले, खवल्यांवर उवा चिकटलेल्या दिसल्या, तर मत्स्य अधिकाऱ्याला दाखवायला फोटो लागतो. काचेची छोटी टाकी किंवा पारदर्शक डबा घ्या, त्यात स्वच्छ पाणी भरा, मासा अलगद त्यात सोडा आणि काचेला जवळपास टेकवून साध्या मोबाईलने बाहेरून फोटो काढा. उन्हाकडे पाठ करा, मागे गडद कापड धरा. मासा लगेच परत सोडा. खर्च डब्यापुरता, आणि फोटो पाण्याखालच्या कॅमेऱ्यापेक्षा स्वच्छ.

आता उरले ते लोक ज्यांना खरंच समुद्रात कॅमेरा वापरायचाय: किनाऱ्यावरचे होडीमालक आणि आपल्याकडून कोकणात, गोव्याला किंवा अंदमानला फिरायला जाणारे. पुढचं त्यांच्यासाठी.

३) डब्यावरचे आकडे कसे वाचायचे

खोली. स्नॉर्कलिंग करणारा बहुतेक वेळ पाण्यावरच असतो. बुडी मारली तरी एखाद-दोन वाव. त्यामुळे १० ते १५ मीटरपर्यंत चालणारा कॅमेरा पुरेसा आहे. ६० मीटरचा आकडा बघून जास्त पैसे मोजायची गरज नाही. पण अगदी काठोकाठ आकड्याचाही घेऊ नका. कंपनी आकडा ठरवते तो शांत पाण्यात. होडीवरून कॅमेऱ्यासकट उडी मारली, किंवा धावत्या होडीतून हात पाण्यात घातला, की रबरावर त्या क्षणी जास्त दाब येतो.

वेळ. काही कॅमेऱ्यांना खोलीसोबत वेळेचीही मर्यादा असते. 'अमुक मीटरवर दोन तास' असं लिहिलेलं असतं. तेही वाचा.

आयपी ६७, आयपी ६८. हे मोबाईलवर दिसतं. आयपी ६७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. आयपी ६८ मध्ये खोली आणि वेळ कंपनी स्वतः ठरवते, म्हणून दोन फोनचे आकडे सारखे नसतात. शिवाय ही चाचणी गोड्या पाण्यातली, नव्या फोनवरची. खाऱ्या पाण्याचा भरवसा ती देत नाही, आणि पाणी शिरून झालेलं नुकसान बहुतेक कंपन्या वॉरंटीत धरत नाहीत. मोबाईल पाण्यात पडला तर वाचेल, असा त्याचा अर्थ घ्यावा. रोज समुद्रात न्यावा, असा नाही.

मेगापिक्सेल. १२ मेगापिक्सेलचा फोटो साधारण ४००० गुणिले ३००० ठिपक्यांचा असतो. ए-फोर आकाराचा चांगला छापील फोटो त्यात निघतो. व्हॉट्सॲपवर पाठवायला तर त्याहून खूप कमी लागतं. १२ आणि २० यातल्या फरकासाठी पैसे मोजू नका.

मग बघायचं काय? चार गोष्टी. एक, लेन्स किती रुंद बघते. पाणी आणि काच यांच्यामुळे पाण्यात वस्तू साधारण एक तृतीयांशाने मोठी दिसते आणि कॅमेऱ्याची नजर अरुंद होते, म्हणून मुळातच रुंद लेन्स हवी. दोन, किती जवळून फोकस होतं. तीन, लेन्स किती उजेड आत घेते. हा 'एफ'चा आकडा, जितका लहान तितकं चांगलं. चार, पाण्याखालचा रंग सुधारायची सोय आहे का.

४) बाजारात काय मिळतं

पाण्यात चालणारे कॉम्पॅक्ट कॅमेरे. यात नावाजलेला म्हणजे ओएम सिस्टिमचा, पूर्वीच्या ऑलिम्पसचा, टफ टीजी-७. तो २०२३ साली आला. १२ मेगापिक्सेल, १५ मीटर खोली, एफ-२ ची लेन्स, आणि एक सेंटीमीटरवरूनही फोकस. प्रवाळावरचा बारीक किडा किंवा शिंपल्याची नक्षी टिपायला याच्या तोडीचा छोटा कॅमेरा मिळणं कठीण. त्याआधीचा टीजी-६ खूपसा तसाच आहे, चांगल्या स्थितीत मिळाला तर वाईट नाही. रिकोचा डब्ल्यूजी-६ हा २० मीटरला दोन तास आणि डब्ल्यूजी-८० हा १४ मीटरला दोन तास चालतो, दोघांच्याही लेन्सभोवती छोट्या दिव्यांचं कडं आहे. निकॉनचा डब्ल्यू-३०० ३० मीटरचा होता, पण तो आता नवा बनत नाही. सेकंडहँड घेताना पुढे रबराबद्दल लिहिलंय ते आधी वाचा.

सीलबंद कॅमेरा. सीलाइफ मायक्रो ३.० ला झाकणच नाही. बॅटरी आणि ६४ जीबी मेमरी आतच पक्की. ६० मीटरपर्यंत चालतो. झाकण नाही म्हणून ते उघडं राहायची भीती नाही. पण बॅटरी संपली की बदलता येत नाही, चार्जच करावा लागतो. दिवसभर फेऱ्या मारणाऱ्या होडीला ही अडचण आहे.

ॲक्शन कॅमेरे. गोप्रो हीरो १२ वेगळ्या कव्हरशिवाय १० मीटर, डीजेआय ऑस्मो ॲक्शन ५ प्रो २० मीटर. लहान, मजबूत, नजर रुंद आणि व्हिडिओ स्थिर. पर्यटक पोहतोय, हात हलवतोय, भोवती मासे आहेत, असा व्हिडिओ काढायला हाच सगळ्यात सोपा. पण फुटभर अंतराच्या आतली वस्तू धूसर येते. बारीक जीव टिपायला उपयोगी नाही.

मोबाईलची प्लॅस्टिक पिशवी. वर्षातून एकदा फिरायला जाणाऱ्यांना ही चालेल, पण आधी पिशवीत कोरडा टिश्यू कागद घालून अर्धा तास बादलीत दाबून ठेवा. कागद कोरडा निघाला तरच मोबाईल घाला. पाण्याखाली टचस्क्रीन नीट चालत नाही, म्हणून आवाजाच्या बटणाने फोटो निघतो का ते आधीच बघा. धंद्यासाठी मात्र पिशवीवर विसंबू नका.

आमचा सल्ला असा: पर्यटकांचे व्हिडिओ हेच मुख्य काम असेल तर ॲक्शन कॅमेरा. प्रवाळ, मासे, बारीक जीव आणि घरचे फोटोही हवे असतील तर कॉम्पॅक्ट. दोन्ही कामं करणारा एकच शोधत बसू नका, ज्याचं काम जास्त तो घ्या.

५) दुकानात हातात घेऊन बघायच्या गोष्टी

- झाकणाला दुहेरी कुलूप आहे का? एकच खटका असेल तर तो चुकून उघडू शकतो.
- बटणं ओल्या, गारठलेल्या बोटांनी दाबता येतात का?
- पडदा भर उन्हात दिसतो का? कॅमेरा दुकानाबाहेर नेऊन बघा.
- बिल भारतातल्या वॉरंटीचं आहे का? बाहेरून आणलेला माल स्वस्त मिळतो, पण दुरुस्तीला कोणी हात लावत नाही.
- जास्तीची बॅटरी आणि झाकणाचं रबर मिळतं का, आणि रबर बदलून देणारं सर्व्हिस सेंटर कुठे आहे?
- कॅमेरा पाण्यात बुडतो. त्यासोबत तरंगता पट्टा घ्या, भगवा किंवा पिवळा, आणि तो पट्टा कॅमेऱ्याचं वजन पेलतो का ते बादलीत बघा.

६) रंग आणि फ्लॅश

पाणी सगळ्यात आधी लाल रंग गिळतं. चार-पाच मीटरवर लाल जवळजवळ गेलेला असतो आणि सगळं निळं-हिरवं दिसतं. कॅमेऱ्यात 'अंडरवॉटर' व्हाइट बॅलन्स असेल तर तो लावा. 'रॉ' फाइलची सोय असेल तर घरी रंग आणखी सुधारता येतो. लाल फिल्टर मिळतो, पण तो खोल पाण्यासाठी. मीटर-दोन मीटरवर लावला तर माणसं गुलाबी दिसतात.

कॅमेऱ्यातला फ्लॅश बंद ठेवा. तो लेन्सच्या अगदी शेजारी असतो, त्यामुळे समोरचा गाळ उजळतो आणि फोटोत बर्फ पडल्यासारखे पांढरे ठिपके येतात. रात्री धुक्यात गाडीचा मोठा दिवा लावल्यावर होतं, तेच हे. उजेड हवाच असेल तर वेगळी टॉर्च बाजूने धरा. सूर्य पाठीमागे ठेवा. झूम करू नका, पोहत जवळ जा.

७) रबर वाचलं तर कॅमेरा वाचला

आत पाणी जातं ते बहुतेक वेळा झाकणाच्या रबरावरून. एक केस, वाळूचा एक कण किंवा मिठाचा खडा तिथे अडकला की पुरे. मशीनच्या सीलची आपण घेतो तीच काळजी इथे.

- झाकण होडीवर उघडू नका. बॅटरी आणि कार्ड घरीच, कोरड्या हातांनी भरा.
- बंद करण्याआधी रबर आणि त्याची खाच बघा. मऊ, धागे न सोडणाऱ्या कापडाने पुसा.
- कंपनीने सांगितलं नसेल तर रबराला ग्रीस किंवा तेल लावू नका.
- उन्हात तापलेला कॅमेरा थेट गार पाण्यात टाकू नका. आतली हवा आकसते आणि पाणी आत ओढलं जातं. होडीवर ओल्या कापडाखाली, सावलीत ठेवा.
- समुद्रातून आल्यावर झाकण बंद ठेवूनच गोड्या पाण्याच्या बादलीत दहा मिनिटं बुडवा, बटणं दाबा, मग पुसून सावलीत वाळवा. मीठ आत सुकलं तर बटणं अडकतात.
- रबर वर्षातून एकदा बदलून घ्या. सेकंडहँड कॅमेऱ्याचं रबर शेवटचं कधी बदललं हे विक्रेत्याला सांगता येत नसेल, तर तो कॅमेरा कोरड्या जमिनीपुरताच समजा.

८) हिशेब

उदाहरण म्हणून धरू या: कॅमेरा, जास्तीची बॅटरी, कार्ड आणि पट्टा मिळून ५०,००० रुपये. वर्षातून एकदा रबर आणि तपासणीचे ३,०००, दोन वर्षांचे ६,०००. एकूण ५६,०००. पावसाळा आणि खराब हवामान वगळून वर्षाला १०० दिवस काम झालं, तर दोन वर्षांत २०० दिवस. म्हणजे रोजचा खर्च २८० रुपये. होडीच्या एका दिवसाच्या कमाईत हे बसतं का, ते तुमचे आकडे टाकून बघा. आणि हाच कॅमेरा पहिल्या महिन्यात २० दिवसांनी गेला, तर रोजचा खर्च २,५०० रुपये पडतो. बादलीतल्या त्या दहा मिनिटांची किंमत इथे कळते.

दोन-तीन होड्यांनी मिळून एक कॅमेरा घेतला तर ओझं हलकं होतं. पण मग वही ठेवा: कोणी नेला, कधी परत केला, धुतला का, झाकण तपासलं का. वही नसेल तर कॅमेरा गेल्यावर भांडण ठरलेलं.

९) फोटोपायी पाणी बिघडवू नका

प्रवाळ हा दगड नाही, जिवंत प्राण्यांची वसाहत आहे. त्यावर उभं राहून फोटो काढला की वर्षानुवर्षांची वाढ एका पायाखाली जाते. प्रवाळाला वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत संरक्षण आहे, त्याचा तुकडा तोडणं किंवा घरी नेणं गुन्हा आहे. त्याच खडकांत माशांची पिलं आसरा घेतात, म्हणजे उद्याची मासळी तिथेच वाढते. होडीचा नांगर प्रवाळावर टाकू नका, मासे जमावेत म्हणून पाव-बिस्किटं टाकू नका. पर्यटक हट्ट करत असेल तर नम्रपणे पण ठाम नाही म्हणा.

माणसांचंही तसंच. पर्यटकाचा, विशेषतः बाया-मुलांचा फोटो त्यांना विचारल्याशिवाय आपल्या जाहिरातीत वापरू नका. फोटो त्यांना दिला की कार्डावरून पुसून टाका.

आणि जीव सगळ्यात आधी. कॅमेरा हातात असला की माणूस विसरतो आपण किती लांब आलो. फोटो काढणाऱ्यानेही लाइफ जॅकेट घालावं, आणि त्याच्यावर होडीवरून एकाची नजर असावी. तलावात तर फोटोसाठी बुडी मारूच नका. खाली जाळी असतात, पाणवेली पायात गुंततात आणि गढूळ पाण्यात वरून शोधताही येत नाही.

आता गृहपाठ

या आठवड्यात एक तबकडी करा. सकाळी, दुपारी आणि शक्य असेल तर भरती-ओहोटीला पाणी मोजा आणि आकडे वहीत लिहा. महिनाभराचे आकडे हातात आले की दुकानदार काय विकतोय यापेक्षा तुम्हाला काय हवंय हे तुम्हीच त्याला सांगाल. तलावावरच्या मंडळींना हीच तबकडी खत कधी द्यायचं आणि कधी थांबवायचं हेही सांगेल, म्हणजे कॅमेरा नाही घेतला तरी मेहनत वाया जाणार नाही.

तुमच्या गावचं पाणी, तारीख, वेळ आणि तबकडी किती सेंटीमीटरवर दिसेनाशी झाली, हे खाली लिहा. सगळ्यांचे आकडे एकत्र आले तर सगळ्यांनाच उपयोग होईल.